तुमचा मसूर, माझा वाटाणा

भाऊजी,

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं, अशी आपल्याकडे रीत आहे. तुमच्या तेरवीला आलेल्या प्रत्येकाने ती पाळली. कोणी म्हणालं, फार शांत माणूस. कोणी म्हणालं, आयुष्यात कधी कोणाला उलटून बोलले नाहीत. मी मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, ही मंडळी चुकीच्या घरी जेवायला आली की काय? तीन हिवाळे तुम्ही माझ्याशी भांडलात. शेताच्या धुऱ्यावर उभं राहून भांडलात, पाटावर बसून भांडलात, फोनवर भांडलात, आणि रेंज गेली तर गच्चीवर चढून परत फोन लावून भांडलात. इतक्या मनापासून माझ्याशी कोणीही भांडलेलं नाही. माझी बायकोसुद्धा अर्ध्यात सोडून देते.

आज माप झालं. तेच सांगायला बसलो आहे. पण निकाल एकदम सांगणार नाही. तुम्ही मला कधी काही एकदम सांगितलंत? आणि झालेली हकीकत तुम्ही नेहमी तुमच्या सोयीने सांगायचात, चार माणसांत मला खाली पाहायला लावून. आज पहिल्यापासून माझ्या सोयीने ऐका. मध्ये बोलायची सोय तुम्हीच ठेवली नाही, त्याला मी काय करू.

एकोडीच्या तलावाखाली तुमच्या दोन बांध्या, धानाची दोन खाचरं, एक वरची, एक खालची, मध्ये एक धुरा, म्हणजे मातीचा बांध. धान निघालं की त्यात तुमच्या आजोबांपासून लाखोरीची डाळच. धान उभं असतानाच चिखलात बी फेकायचं, धान कापून न्यायचं, आणि उरलेल्या ओलीवर लाखोरी वाढते की नाही हे देवावर सोडायचं. उतेरा म्हणतात त्याला. तुम्ही म्हणायचात, याच्याइतकी शहाणी शेती जगात नाही, कारण यात माणसाला काही करावंच लागत नाही. मी सानगडीचा, माझीही धानाचीच शेती, पण मला हात बांधून बसणं जन्मात जमलं नाही. माझे सगळे गोंधळ तिथूनच सुरू होतात.

मग ती सभा झाली. शेती खात्याचे साहेब आले होते. म्हणाले, धानानंतर कार्तिकात वाटाणा आणि मसूर पेरून पाहा, आपल्याकडची थंडी कोणतं पीक सोसतं आणि पदरात काय पडतं ते मोजा, बी आम्ही देतो. तुम्ही पुढच्या रांगेत बसून मान हलवत होता. मी तुमच्यासोबत आलो होतो तो जेवण आहे हे ऐकून. साहेबांनी कोणाला काही विचारायचं आहे का म्हटलं, तर सगळे गप्प. मला वाटलं, पाहुण्या माणसाचा मान राखावा. उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, हा वटाना कच्चा खाल्ला तर चालते का?"

"चालते ना," साहेब म्हणाले. "पन मंग मोजाल काय?"

सभा हसली. तुम्ही सगळ्यात जोरात. आणि परतताना गाडीवर मागे बसून माझ्या कानात म्हणालात, "साळेबुवा, वटाना तुलेच देतो. तुले त्याचं फार लागलं दिसते. मी मसूर घेतो. पाहू कोनाचं टिकते."

इतकं साधं सुरू झालं ते. खालची बांधी तुमची, वरची माझी. तुम्ही मसूर उतेऱ्याने उभ्या धानात फेकणार, मी धान काढून, नांगरून, ओळीत वाटाणा लावणार आणि एक पाणीही देणार. मी म्हटलं, बांध्या दोन असल्या तरी चिखल एकच आणि थंडी एकच, हरलात तर बहाणा करू नका. तुम्ही म्हणालात, "बहाणे करनं तुमच्या घरचं काम. मी तुमच्या घरची एक पोरगी आनली, बहाणे तिथंच ठेवून आलो." ताई चुलीपाशी होती. तिने आतूनच विचारलं, "कोनाच्या घरचं काय म्हनलं?" आणि आपण दोघंही एकदम ढोरं पाहायला गोठ्यात गेलो.

पहिल्या वर्षाचं तुम्ही गावभर सांगितलंत. खरं काय झालं ते मी सांगतो. गावची मंडई होती, म्हणजे जत्रा. एकोडीत मंडई म्हणजे घरात माणसं मावत नाहीत. रात्री नाटक, दिवसा पाहुणे. सानगडीहून माझ्याच ओळखीचे दहा-बारा जण आलेले, आणि तुम्ही बाजारात गेलेले. आता भाऊजी घरी नाहीत म्हटल्यावर पाहुण्यांकडे पाहणं साळ्याचं काम नाही का? मी त्यांना शेत दाखवायला नेलं. वाटाणा शेंगांनी लगडलेला. एकजण म्हणाला, काय वाटाणा हाय गा. मला काय झालं कोणास ठाऊक, छाती फुगली. म्हटलं, खाऊन पाहा ना. आपलाच हाय.

भाऊजी, त्यांनी पाहिलं. बसून पाहिलं. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सरकत पाहिलं. मीही त्यांना एकटं वाटू नये म्हणून बसलो.

तुम्ही धुऱ्यावर आलात तेव्हा मी तोंडातलं गिळून उभा राहिलो. मंडईच्या पाहुण्याला खाऊ नका म्हणता येत नाही, तसं आजवर कोणी म्हटलेलं नाही. तुम्ही हात जोडून सगळ्यांना रामराम केला, बसा बसा म्हणालात, आणि घरी जाऊन एक रिकामं पोतं घेऊन आलात. "खा बापा पोटभर. फकस्त फोलं इकडं टाका, खाली नको."

पाहुण्यांना वाटलं, माणूस स्वच्छतेचा आहे. मला वाटलं, फोलं बैलांना घालणार असेल. संध्याकाळी तुम्ही ती फोलं काट्याला लावलीत. मग वाचलेल्या चार शेंगा सोलून दाणा वेगळा, फोल वेगळं केलंत आणि ओसरीवर बसून हिशेब मांडलात, इतक्या फोलांमागे इतका दाणा. जिंकत असलेला माणूस समोरच्याचं पीक त्याने खाल्लेल्या फोलांवरून मोजून देतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी म्हटलं, "कायले करता एवढं? हारलो मी." तुम्ही मान वर केली नाहीत. "तू नाई हारला, तुयं पोट जिंकलं. वटान्याचं अजून ठरलं नाई." साहेबांना तुम्ही तोच हिशेब दिलात. साहेबांनी कागद उलटून पालटून पाहिला आणि ते म्हणाले, "उत्पादन पाहुण्यांनी खाल्लं असं लिहायला माझ्याकडे रकाना नाही हो."

दुसऱ्या वर्षी मी एकाही पाहुण्याला तलावाकडे फिरकू दिलं नाही. त्या वर्षी वेगळंच झालं. पौषात थंडीची लाट येणार म्हणून मोबाइलवर दिवसभर वाजत होतं. माझा वाटाणा नेमका फुलावर. मी सानगडीहून निघालो तेव्हाच कान बधिर झाले होते, आणि गाडीवरून येताना सारखं वाटत होतं, मला स्वेटर आहे, मफलर आहे, त्या बिचाऱ्याला काय आहे? दिवस मावळायच्या आत पोचलो. तुम्ही घरी नव्हता. गोठ्यामागे तुमच्या बैलांची तणस, धानाचा पेंढा, रचून ठेवलेली. मी आपला भारे उचलत गेलो आणि पसरत गेलो. बांधीभर. पोरांना झोपवल्यावर जसं चहूबाजूंनी खोचतात, तसं खोचलं. कडेला थोडी कमी पडली, तिथे वाईट वाटलं. मग ताईच्या हातचं गरम जेवलो आणि इतका गाढ झोपलो की सांगता सोय नाही.

सकाळी तुम्ही मला उठवलंत. आणि नुसतं पुढे चालत राहिलात. धुऱ्यावर थांबून विचारलंत, "हे काय होय?"

"तनस."

"ते दिसून राहिलं. काहून टाकली?"

"थंडी होती ना, भाऊजी."

"मंग?"

"वटान्याले लागली असती."

तुम्ही हळूच धुऱ्यावर बसलात. दोन्ही हात डोक्याला. "साळेबुवा, आपन इथं काय तपासून राहिलो?"

"थंडी."

"थंडी काय?"

"सोसते का नाई ते."

"कोनाले?"

"वटान्याले," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अन् तू त्याले गोधडी देल्ली," तुम्ही म्हणालात. "माह्या बैलाच्या तोंडची."

मी तणस काढायला धावलो, तर तुम्ही हात धरलात. म्हणालात, राहू दे, आता केलंच आहे तर पाहू काय होते. आणि झालं काय, तर धुईने, दाट धुक्याने, तणस ओली झाली, वरून जड झाली, आणि आतला वाटाणा चारच दिवसांत पिवळा पडून सडला. कडेला जिथे पांघरूण पुरलं नव्हतं, तिथला मात्र उघड्यावर थंडी खाऊन टवटवीत. तो शेवटपर्यंत फुलला, शेंगाही धरल्या. तुम्ही रोज जाऊन पाहायचात आणि मला फोन करायचात, "उघडा कसा हाय इचार ना." मी विचारायचो. "मजेत हाय. झाकलेल्याचं नको इचारू."

त्या वर्षी साहेब आले तेव्हा मी तुमच्या मागे लपलो होतो. एवढा मोठा माणूस, पण लपलो. साहेबांनी विचारलं, हे मधलं सगळं असं कसं झालं? मला वाटलं, आता तुमच्या गावचा वर्षभराचा विषय सुरू होणार. तुम्ही खाकरलात आणि म्हणालात, "एका शेतकऱ्यानं येगळा प्रयोग केला, साहेब. झाकून पाहिलं. झाकायचं काम नाई, हे समजलं." साहेबांनी मान डोलावली, म्हणाले, हे कामाचं आहे. गावात तुम्ही माझी चामडी सोलली, पण साहेबांपुढे नाही. तेव्हा मी घरी येऊन चहात साखर कमी आहे म्हणून ताईशी वाद घातला. म्हणायचं दुसरंच होतं. आता म्हणतो, भाऊजी. बरं वाटलं होतं मला.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, पेरणीच्या दिवशी तुम्ही मला समोर बसवून ताकीद दिलीत. "यंदा तू काही करायचं नाई. थंडी पडली, काही करायचं नाई. पाहुणे आले, काही करायचं नाई. काही करावं वाटलं, तर मले फोन करायचा, अन् मंग काही करायचं नाई." मी ते पाळलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कष्टाचं काम होतं ते. फक्त रविवारी यायचो, हात मागे बांधून धुऱ्यावर फिरायचो, तुम्ही माझ्या हातांवर नजर ठेवून मागे फिरायचात.

आणि मग तो रविवार. तलावावरून धुई उतरलेली, बोलताना तोंडातून वाफ. खालच्या बांधीत तुमचा मसूर पार जमिनीला चिकटून पडलेला, पांढरा, ओलं पोतं पसरावं तसा. मी पाहिलं आणि खरं सांगतो, आधी आनंद झाला. मग तुमच्या तोंडाकडे पाहिलं, तर तो आनंद कुठे ठेवावा कळेना. म्हटलं, "गेला, भाऊजी."

"कोन?"

"मसूर. झोपला पुरा."

"झोपला ना? मेला तर नाई म्हनलं कोनी. ऊन येऊ दे."

आपण कळशी उपडी घालून तिच्यावर आळीपाळीने बसलो. तुम्ही घरून चहा आणला होता, त्यात सुंठ इतकी की डोळ्यात पाणी यावं. तुम्ही विडी पेटवलीत आणि ताईला सांगू नको म्हणालात. ताईला ठाऊकच होतं, तिने काडेपेटी स्वतः तुमच्या खिशात ठेवलेली मी पाहिली होती. पण ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. धुई फाटायला वेळ लागला. मग तिरपं ऊन आलं आणि मसुरावरचं पांढरं पाणी झालं. काड्या थरथरल्या, आणि तो उठायला लागला. एकेक नाही. सगळा मिळून, सभा संपल्यावर माणसं ढुंगण झटकत उठतात तसा. थोड्या वेळात बांधी कमरेपर्यंत ताठ उभी, म्हणजे मसुराच्या कमरेपर्यंत, आणि बारीक निळसर फुलं जशी काही झालंच नाही अशी उघडी.   इतक्या वर्षांत आपण दोघं एकाच वेळी गप्प बसलो ते तेवढंच.

पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात. दुपारी जेवून, अंगणात खाटेवर उन्हाला पाठ करून. ताईने दोनदा हाक मारली. तिला वाटलं, मुद्दाम ओ देत नाही. त्याच्याबद्दल मी आणखी लिहिणार नाही, तुम्हालाही आवडायचं नाही. इतकंच सांगतो, मी आलो तेव्हा तुमच्या अंगावर जाड चादर घातलेली होती, आणि मला ती काढून टाकावी असं फार वाटलं.

तेरवीनंतर प्रमोद बोलला. तुमचा पोरगा वाईट नाही, तुमच्यासारखा भांडत नाही हा एक दोष सोडला तर. नागपूरला नोकरी, रजेचे दोनच दिवस उरलेले. तलावाचं पाणी सुटणार होतं. शेजारचा माणूस दोन्ही बांध्या ठेक्याने मागत होता, उन्हाळी धानासाठी. पण लगेच हव्या होत्या, चिखलणी करायला. म्हणजे उभा मसूर, उभा वाटाणा, शेंगांत दूध भरलेलं, सगळं फाळाखाली.

"मामा, आईले एकटीले होनार हाय का शेती?" प्रमोद म्हणाला. "सांगा तुम्ही."

मी ताईकडे पाहिलं. तेरवीपर्यंत ती एक शब्द धड बोलली नव्हती. कोणी पाणी दिलं तर प्यायची, नाही दिलं तर नाही. म्हणाली, "मले काही इचारू नका. तुमाले करायचं ते करा."

मग माझ्यावर आलं. तुमच्या घरात एकही वाद न जिंकलेला माणूस, आणि तुमच्या बांधीची वकिली माझ्याकडे. काहीतरी मोठं बोलायला हवं होतं, बाप, जमीन, असं काही. माझ्या तोंडून निघालं, "वरच्या बांधीत माहा वटाना हाय. तो मी देत नाई."

"मंग खालची देतो," प्रमोद म्हणाला.

बरोबरच होतं त्याचं. खालच्या बांधीवर माझा काय हक्क?  तरी म्हणालो, "खालची मोडली तर वरची मोजून काय करू गा? जिंकलो तरी कोनाशी जिंकलो म्हनू?"

 ताई उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. आतून तिचा आवाज आला, "पिकू दे. मोजून घ्या दोघांचं. परवडलं नाई तर पुढच्या साली दे ठेक्यानं, मी नाई म्हननार नाई."

म्हणजे सगळं या मापावर आलं, भाऊजी. मसूर-वाटाण्याने माती खाल्ली तर तुमच्या बांध्या जाणार, ताई नागपूरला तिसऱ्या मजल्यावर जाणार. आणि तोवर राखण कोणाकडे? माझ्याकडे. साऱ्या सानगडीला हसू आलं. मलाही आलं असतं.

मी रोज यायला लागलो. हात मागे. काही करायचं नाही म्हणजे नाही. पण एके दिवशी भर दुपारी पोपटांचा थवा वाटाण्यावर उतरला. शेंगा चोचीने उभ्या चिरतात ते लेकाचे. हे पाहून गप्प कसा बसू? राखणीच्या झोपडीतला तेलाचा रिकामा डबा घेतला आणि काठीने बडवत, ओरडत बांधीभर पळालो. पोपट उडाले. पण तलावात मासे धरणारे जाळी टाकून पाण्याबाहेर निघाले, धुणं टाकून बाया पळाल्या, आणि घटकाभरात गावातून वीस-पंचवीस माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन आली. आपल्याकडे भर दुपारी डबा वाजला की त्याचा अर्थ काय होतो, ते मी विसरलो होतो.

"कुठी हाय वाघ?" सगळ्यात पुढचा विचारत होता.

आता मी काय सांगू, पोपट होता म्हणून? त्या सगळ्यांचे चेहरे पाहून माझी हिंमत झाली नाही. तलावाच्या पलीकडे कुठेतरी बोट दाखवलं. पंधरा दिवस त्या बाजूला कोणी फिरकलं नाही. ना शेंगा खुडणारी पोरं, ना चुकार ढोरं. तुमचं पीक इतकं कोणीच राखलं नव्हतं. मी मात्र माझ्याच थापेने घाबरून येता-जाता गाडीचा हॉर्न वाजवत होतो.

त्या संध्याकाळी ही गंमत सांगायला मी सवयीने तुम्हाला फोन लावला. रिंग जात असताना लक्षात आलं. कापणार तोच ताईने उचलला.  म्हणालो, "ताई, गावात वाघाचं सांगून राहिले ना, तो मी होय." पलीकडे कसलासा आवाज झाला. हसली की काय, कळलं नाही. फोन ठेवला तिने.

आणि आज माप.

मसूर उपटून, वाळवून, बडवून तयार होता. वाटाणाही. प्रमोद खास रजा घेऊन आला. काटा बोराच्या फांदीला टांगला. ताई खळ्यावर येऊन बसली, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर. तुमचा मसूर आधी लावला. चांगला भरला, भाऊजी. त्या धुईत झोपून उठलेला, पाण्याचा थेंब न मागणारा मसूर, आणि लाखोरीने कधी दिलं नसेल इतकं दिलं त्याने. प्रमोदच्या भुवया वर गेल्या. मग माझा वाटाणा.

माझा जास्त भरला.

थोडाथोडका नाही. डोळ्यांनी दिसेल इतका जास्त. तीन वर्षं मी या घटकेसाठी भाषण तयार करून ठेवलं होतं. त्यात बैलाची तणस होती, फोलांचं पोतं होतं, तुमच्या गावाचा उद्धार होता. मी तोंड उघडलं, तर समोर धुऱ्यावर कोणी नाही. म्हणालो, "जवळपास सारखंच हाय."

"सारखं कुठी हाय?" ताई म्हणाली. "दिसून राहिलं ना. तुयं जास्त हाय."

"हाव, पन..."

"पन काय? तुयावाल्याले ट्रॅक्टर लागला. पानी लागलं. इंजिनाले डिझेल कोनाच्या घरचं गेलं? याले काय लागलं? उभ्या धानात मूठभर बी फेकलं."

"ताई, वजन म्हंजे वजन असते," मी म्हणालो. सवयच हो ती.

"वजन घेऊन काय चाटाचं हाय? खर्च वजा कर ना." आणि ती उठून उभी राहिली. पदर खोचला. "अन् मले एक सांग. खालच्या बांधीत धुई बसते, वरच्या बांधीत बसते का?"

"तेवढी नाई बसत."

"मंग थंडी एक कशी झाली? त्यायचं पीक येगळं, तुयं येगळं. त्यायनं फेकलं, तू नांगरलं. ते खाली, तू वर. मंग तीन साल तुमी दोघं मोजत काय होते?"

प्रमोद माझ्याकडे पाहू लागला. मी काट्याकडे. साहेब दरवर्षी येऊन हेच सांगायचा प्रयत्न करत असावेत, भाऊजी. दोन्ही बांध्यांत दोन्ही पेरा, अर्धं अर्धं, असं काहीतरी मला पुसट आठवतं. पण ते बोलायला लागले की आपण दोघं एकमेकांवर ओरडत असायचो. पहिल्या दिवशी तर मी जेवणाच्या रांगेत होतो. तुम्ही पुढच्या रांगेत बसून मान कशाला हलवत होता?

"बोल ना," ताई म्हणाली.  माझ्या तोंडाकडे पाहून तिला हसू फुटलं. सुरुवातीला नाकातून, मग पोटातून. बोराच्या खोडाला धरून हसली, डोळे पुसून परत हसली. शेवटी ते हसूच होतं का, मी नीट पाहिलं नाही. आम्ही तिघंही तसेच होतो.

तिचं झाल्यावर प्रमोदने सावकाश विचारलं, "आई, मंग ठेक्याचं काय सांगू त्याले?"

 ती मला म्हणाली, "दोन्ही बांध्यात मधून दोरी लावायची. दोन्हीत वटाना, दोन्हीत मसूर. अर्धं फेकून, अर्धं नांगरून. बी मी ठेवतो, तू हात लावू नको." आणि मसुराचा टोपला उचलून चालायला लागली.

आत्ता ती आत बी निवडते आहे, मी ओसरीवर हे लिहितो आहे. इतक्यात तिने विचारलं, काय लिहून राहिला इतका वेळ. म्हटलं, भाऊजींना मापाचं कळवतो. सुपाचा आवाज थांबला. मग म्हणाली, "त्यायले लिही, पुढच्या कार्तिकात मी पेरनार हाय. मधात बोलायचं नाई."